1990 ला कुवेतहून जीव घेऊन आलेली माणसं परत तिथंच कशी काय गेली?

म्हापशेकरीण

नमस्कार मंडळी. माझं सासर म्हापशाचं. सासरे कुवेतला एका कंत्राटदाराकडे नोकरीला होते. सासूबाई आणि नवरा त्यांच्याबरोबर, नवरा तेव्हा दोन वर्षांचा. 1990 च्या ऑगस्टात इराकनं कुवेत गिळलं तेव्हा तिघंही तिथंच अडकली. बगदाद, मग जॉर्डन, मग मुंबई असं करत गोव्यात पोचली, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढं काही विचारलं की सासूबाई ‘गेलं ते गेलं’ म्हणतात आणि नारळ खवायला बसतात. सासरे आता नाहीत.

परवा कपाट आवरताना त्यांच्या फायलीत संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाईच्या अर्जाची झेरॉक्स सापडली, आणि जुना पासपोर्ट. त्यात 1990 चा जॉर्डनचा शिक्का, आणि दोन पानं उलटली तर 1992 चा कुवेतचा नवा व्हिसा! ज्या गावातून अंगावरच्या कपड्यांनिशी पळायची वेळ आली, तिथं माणूस बायको-मूल घेऊन दीड-दोन वर्षांत परत कसा जातो? नवरा म्हणतो, ‘पैशांसाठी, आणखी कशासाठी?’ मला ते पुरेसं वाटत नाही.

इथं कोणी त्या वेळी कुवेतात होतं का? जे आठवतं ते सांगा. आणि त्या अर्जाचे पैसे अजून मिळू शकतात का?

कुळागर

आधी पैशांचं सांगतो, ते सोपं आहे. आता काही मिळणार नाही. भरपाईसाठी 1991 साली जिनिव्हाला आयोग बसला होता. इराक तेल विकेल त्यातला ठरावीक हिस्सा भरपाईच्या फंडात जायचा, सुरुवातीला 30 टक्के. देश सोडावा लागला म्हणून जी ‘अ’ वर्गाची भरपाई होती ती माणशी 2,500 डॉलर किंवा कुटुंबाला 5,000. दुसऱ्या कुठल्याही वर्गात दावा करणार नाही असं लिहून दिलं तर 4,000 आणि 8,000. आपल्याकडचे अर्ज दिल्लीहून परराष्ट्र मंत्रालयामार्फत जात. दावे घेणं कधीच बंद झालं. शेवटचा हप्ता इराकनं 2022 च्या जानेवारीत भरला, एकूण 52.4 अब्ज डॉलर, आणि आयोगाचं कामही आटोपलं. तुमच्या सासऱ्यांना बहुतेक तेव्हाच मिळाले असतील. त्या काळातलं बँकेचं पासबुक बघा.

झेरॉक्स टाकू नका मात्र.

सालमियाची माई

बाय, तुझ्या सासूबाई नारळ खवतात, मी भांडी घासायला काढते. लेकीनं हा धागा दाखवला म्हणून लिहिते. लांबेल, कंटाळलीस तर सोडून दे.

आम्ही फोंड्याचे. हे एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर, राहायला कुवेत शहराजवळच्या सालमियाला. मोठी सातवीत, धाकटा दुसरीत. शाळांना सुट्टी होती, त्यामुळं बिल्डिंगमधली निम्मी मंडळी भारतात आलेली. आम्ही त्या वर्षी तिकिटं काढली नाहीत, कारण नणंदेच्या लग्नाचं देणं फिटायचं होतं.

2 ऑगस्टला गुरुवार होता. पहाटे आवाज आले तेव्हा वाटलं कुठं तरी खोदकाम चाललंय. हे कामावर जायला खाली उतरले आणि उलट्या पावली वर आले. कोपऱ्यावर रणगाडा उभा होता. त्यानंतर नुसत्या रांगा. जमियात, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानात, आधी बाळांचं दूध संपलं, मग तांदूळ, मग मेणबत्त्या. खुबूसच्या, म्हणजे तिथल्या रोटीच्या, बेकरीसमोर काळोखात माणसं उभी राहायची. बाहेरदेशी फोन लागेना. आम्ही आहोत की गेलो हे फोंड्यात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यातच चवथ आली. गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी कुठली बांधायची? कॅलेंडरातला गणपती कापून भिंतीला लावला आणि डाळ-गुळाचं वाटीभर काहीतरी नैवेद्याला.

समोरच्या दारात एक पॅलेस्टिनी कुटुंब राहायचं. त्या बाईचा मुलगा आमचेही खुबूस आणायचा. अरबी बोलणाऱ्याला सैनिक जरा कमी अडवायचे. ही बाई लक्षात ठेव.

सगळा भरवसा ट्रान्झिस्टरवर. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दामला मिठी मारली, त्यावर पुढं जगभर टीका झाली. करणाऱ्यांनी खुशाल करावी. आमच्या बसला वाट मिळाली ती त्या भेटीनंतर, मी त्या माणसाला आजही हात जोडीन. परदेशी वकिलातींना इराकनं 24 ऑगस्टची मुदत दिली आणि आपली वकिलात बसऱ्याला हलली. मग कुवेतात आपलीच माणसं पुढं झाली. कोणी याद्या केल्या, कोणी बसचे पैसे गोळा केले.

निघायच्या आदल्या रात्री मी धाकट्याच्या उशीत सोनं शिवलं. पाटल्या कापसात गुंडाळल्या, म्हणजे दाबलं तरी हाताला कडक लागू नयेत. मंगळसूत्राच्या वाट्या काढून घेतल्या, काळे मणी गळ्यात राहू दिले. नवा पांढरा दोरा उठून दिसला असता, म्हणून अभ्र्याचीच एक कड उसवून त्या मळक्या दोऱ्यानं टाके घातले. बसऱ्याच्या वाटेवर झडतीत एका सैनिकानं नेमकी तीच उशी उचलली. धाकट्यानं असं भोकाड पसरलं की त्यानं ती त्याच्या अंगावर टाकली आणि पुढं गेला. पोराला आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्याला खरंच उशी हवी होती.

बसरा, बगदाद, मग वाळवंट. इराकचं त्रेबिल नाकं ओलांडल्यावर जॉर्डनचं रुवेशिद येईपर्यंत मधला जो पट्टा आहे, तिथं तंबू. इजिप्तची, बांगलादेशची, फिलिपिन्सची माणसं, घरकामाला आलेल्या श्रीलंकेच्या पोरी आणि आपले. दिवसा डोकं फुटायची वेळ, रात्री कुडकुडायचं. पाव ट्रकवरून फेकत. पाण्याचा टँकर आला की बायका मागं रेटल्या जात, म्हणून मोठी आधीच टँकरच्या वाटेवर डबा घेऊन बसायची. हे सगळ्यात जास्त तिथं खचले. आयुष्यभर दुसऱ्यांना माल मोजून देणारा माणूस, पाव झेलायला त्यांचे हातच वर होईनात. मीच झेलायचे.

अम्मानहून पुढं सरकारनं आणलं, फुकट. 13 ऑगस्ट ते 20 ऑक्टोबर 488 विमानं मुंबईला उडाली, लाखाच्या वर माणसं आली. मुंबईच्या सहार विमानतळावर एरवी टू-इन-वन आणि सोन्यासाठी गल्फवाल्यांच्या बॅगा उपसणारे कस्टमवाले त्या दिवशी ‘चला, चला’ म्हणत होते. तिथून बस. गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवीचं नाकं दिसलं तेव्हा हे झोपले, जवळजवळ दोन महिन्यांत पहिल्यांदा गाढ. घरी सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी चौघांची दिष्ट काढली.

आता तुझा खरा प्रश्न.

पहिला महिना लाड झाले. गावातली माणसं ऐकायला यायची, यांना तेच तेच सांगावं लागायचं. पुढं चुलीवरची गोष्ट सुरू झाली. यांच्या पाकिटात दिनार होते. कालपरवापर्यंत एका दिनाराचे साठेक रुपये यायचे, आता बँक हात लावेना, कारण इराकनं कुवेती दिनारच रद्द करून टाकला होता. मुंबईला दलाल घेत, पण कवडीमोलानं. रेशन कार्डावर आमची नावं नव्हती. शाळेचं आणखी एक. त्याच वर्षी गोव्यात प्राथमिकचं अनुदान मराठी-कोकणी माध्यमालाच द्यायचं धोरण आलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली. पण धाकट्याला ‘क’ काढता येत नव्हता. दुसरीचा पोरगा पहिलीत बसवला, आणि तो घरी येऊन आम्ही कुवेतला कधी जाणार असं विचारायचा. त्याला तेच घर होतं ना.

दीर वाईट नव्हता, हे आधी सांगते. त्याच्याच घरात राहिलो, त्याच्याच ताटात जेवलो. पण त्याची एक वही होती. तांदूळ किती आले, गॅस कधी बदलला, आमच्या मुलांचं दप्तर कितीला, सगळं तारीखवार. मागितलं कधीच नाही. वही मात्र देवखोलीच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी. सकाळी दिवा लावायला गेले की आधी वही, मग देव. हे खाणीवर टिप्परच्या खेपा मोजायला लागले, पगार दीड हजार. तो पगार आणून तसाच्या तसा दिराच्या हातात ठेवायचे आणि तो मोजून वहीत लिहायचा.

1991 च्या फेब्रुवारीअखेर कुवेत सुटलं. पण माघार घेताना इराक्यांनी सहाशेवर तेलविहिरी पेटवल्या होत्या. शेवटची विझली नोव्हेंबरात. त्याच सुमारास कंपनीचं पत्र आलं, येता का म्हणून. सासूबाईंनी कुलदेवाला प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल मागितला. पाकळी उजवी पडली. डावी पडली असती तर यांनी काय केलं असतं ते मला विचारू नकोस, पत्राचं उत्तर आधीच टपालात पडलं होतं.

हे पुढं गेले, मग मी. फ्लॅटचं दार उघडंच. एसी नेला होता, नळ नेले होते, विजेची बटणंसुद्धा भिंतीतून उपटलेली. भिंतींवर काजळी, बोट फिरवलं की रेघ उमटायची. पुसून काढायला बरेच दिवस गेले, आणि खरं सांगते, ते पुसताना मला बरं वाटत होतं. घाण होती, पण माझ्या घरातली होती.

समोरचं दार मात्र बंद. निघताना गाडीची चावी मी त्या बाईकडं दिली होती. गाडी गेली ते सोड. लढाईपूर्वी कुवेतात चारेक लाख पॅलेस्टिनी होते. त्यांच्या पुढाऱ्यांनी सद्दामची बाजू घेतली, त्याचा सूड कुवेतनं सगळ्यांवर उगवला. बहुतेकांना जावं लागलं. ते कुटुंब अम्मानला गेलं असं खालच्या दुकानदारानं सांगितलं. तिची मुलं कुवेतातच जन्मलेली. आम्हाला बोलवायला पत्र आलं ते त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या होत्या म्हणूनही, हे कळायला मला वेळ लागला नाही. आणि कळल्यावरही आम्ही राहिलो.

झुआरीपल्याड

काकी, राग मानू नका. पण शेवटी दिनारच ना? खाणीवर त्या काळात दीड हजारात लोक घर चालवतच होते की. त्याला आमच्याकडं हाव म्हणतात.

सालमियाची माई

राग कसला! म्हण की हाव. यांचा पगार 180 दिनार होता. रुपयाची किंमत 1991 च्या जुलैत उतरवली, त्यानंतर दिनार ऐंशीच्या वर गेला. तूच गुणाकार कर आणि सांग, तू काय केलं असतंस ते. दीड हजारात घर चालतं, घर असलं तर. नणंदेच्या लग्नाचं कर्ज आणि दिराची वही, दोन्ही आम्ही 1995 पर्यंत फेडलं. वहीतली शेवटची रक्कम मी स्वतः नेऊन दिली, व्याज धरून. त्यानं व्याज परत केलं.

साखळीचा बाजार

दुसरी बाजू पण असू दे. आमचे बाबा परत गेले नाहीत. कुवेतातल्या फहाहीलला वेल्डर होते. भरपाईचा पहिला हप्ता आला त्यातून जुना टेम्पो घेतला, काजूच्या हंगामात बिया वाहायच्या, एरवी चिरे. बरं चाललं. मात्र गावात कोणी गल्फहून नवी गाडी घेऊन आला की त्या दिवशी आई त्यांच्याशी जपून बोलायची.

म्हापशेकरीण

माई, काय लिहू कळत नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं. दिराच्या वहीपाशी त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडं वही नव्हती, जाऊ होती.’ आणि मग पहिल्यांदाच आपणहून बोलायला लागल्या! एकच विचारायचं राहिलं. परत गेल्यावर भीती नाही वाटली? मुलं बरोबर होती.

सालमियाची माई

जावेवरून समजलं, आमचं जमेल.

वाटायची ना भीती. पहिलं वर्ष मुलं माझ्या आईकडं ठेवली, तीही त्याचसाठी. नंतर नेली तेव्हा माझे काही नियम होते. पासपोर्ट आणि मुलांचे दाखले एका पिशवीत, पिशवी दाराच्या खिळ्याला. पलंगाखाली पाण्याचे कॅन. पगार झाला की त्याच आठवड्यात निम्मा भारतात. 1994 च्या ऑक्टोबरात सद्दामनं परत सीमेवर सैन्य आणलं, तेव्हा जमियात तसल्याच रांगा लागल्या. हे म्हणाले थांबूया, मी म्हटलं तुम्ही थांबा, आणि मुलांची तिकिटं काढली. ती वापरायची वेळ आली नाही, अमेरिकेची फौज आली आणि इराकी मागं गेले. तिकिटाचे पैसे कापून परत मिळाले, त्यावरून यांनी मला बरेच दिवस ऐकवलं.

सासूबाईंना घेऊन ये फोंड्याला. घराची खूण निरोपात पाठवते. फक्त रविवार नको, रविवारी धाकट्याचा टोरंटोहून फोन असतो आणि तो लवकर ठेवत नाही.