हवामानाच्या दाव्यांतील ‘व्हिक्टिम’: बळी, पीडित की बाधित?

प्रश्न (अनुवादिका, दादर)

हवामान बदल आणि मानवी हक्क यांविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी अलीकडे जे निर्णय दिले, त्यांचे मराठी टिपण मी कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी तयार करीत आहे. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी ‘क्लिमासेनिओरिनेन’ या स्वित्झर्लंडमधील ज्येष्ठ महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. त्यात ‘व्हिक्टिम’ हा शब्द वारंवार येतो, कारण मानवी हक्कांच्या युरोपीय करारनाम्याच्या अनुच्छेद ३४ नुसार आपण हक्कभंगाचे ‘व्हिक्टिम’ आहोत असे सांगणाऱ्यालाच त्या न्यायालयात अर्ज करता येतो. मराठीत यासाठी बळी, पीडित आणि बाधित हे तिन्ही शब्द वापरलेले दिसतात. यांपैकी कोणता घ्यावा? तसेच या प्रकरणाला ‘जनहित याचिका’ म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद (वकील, फोर्ट)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. ‘जनहित याचिका’ मुळीच लिहू नये. आपल्याकडे दुसऱ्याच्या वतीने न्यायालयात जाणे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे आपल्याला काही वाटत नाही. मुंबईच्या पदपथांवरील झोपड्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा तेथे राहणाऱ्या माणसांबरोबर ओल्गा टेलिस या पत्रकारही याचिकाकर्त्या होत्या, आणि १९८५ च्या त्या निकालात उपजीविकेचा हक्क भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे न्यायालयाने मानले. स्ट्रासबर्गला मात्र ही वाट मान्य नाही. ज्याला स्वतःला झळ पोहोचली नाही, त्याने सर्वांच्या वतीने दाद मागावी, हे तेथे चालत नाही.

म्हणूनच त्या निकालातील खरी गंमत (शब्द जरा हलका आहे, पण राहू द्या) अशी की, संघटनेबरोबर ज्या चार महिलांनी वैयक्तिक अर्ज केले होते, त्यांना ‘व्हिक्टिम’चा दर्जा मिळालाच नाही. उन्हाच्या लाटांचा वृद्ध स्त्रियांना अधिक त्रास होतो, ही गोष्ट न्यायालयाने नाकारली नाही. पण हवामान बदलाची झळ कमीअधिक प्रमाणात सर्वांनाच लागत असल्याने, व्यक्तीला तो दर्जा मिळण्यासाठी झळ अतिशय तीव्र असली पाहिजे आणि त्या व्यक्तीला स्वतंत्र संरक्षण देण्याची निकड असली पाहिजे, अशी वरची पायरी न्यायालयाने ठरवली. संघटनेला मात्र सदस्यांपैकी प्रत्येकीचा असा दर्जा सिद्ध न करताही दाद मागू दिली, आणि खासगी व कौटुंबिक जीवनाच्या आदराविषयीच्या अनुच्छेद ८ चा भंग झाल्याचे १६ विरुद्ध १ मतांनी ठरवले. स्वित्झर्लंडच्या कायदेशीर चौकटीत उणिवा होत्या, उत्सर्जनाची मर्यादा आकड्यांत निश्चित केलेली नव्हती आणि आधीची उद्दिष्टेही गाठली गेली नव्हती, हे त्यामागचे कारण.

त्याच दिवशी डॅमियन कारेम यांचा फ्रान्सविरुद्धचा अर्ज फेटाळला गेला. ते ग्रांद-सिंथ या किनाऱ्यालगतच्या गावाचे माजी महापौर. पण आता त्या गावात राहत नाहीत, म्हणून ‘व्हिक्टिम’ नाहीत. ‘बळी’ हा शब्द येथे घालून पाहा. गाव सोडले म्हणून बळी नाहीत, असे वाक्य होईल आणि वाचक बुचकळ्यात पडेल. मराठीत बळी गेलेला माणूस बहुतेक वेळा जिवंत नसतो.

प्रतिसाद (निवृत्त उपसंपादक, गिरगाव)

‘पीडित’ही टाळावा. बातम्यांत ‘पीडिता’ हा शब्द लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांशी इतका जोडला गेला आहे की ‘पीडित ज्येष्ठ महिला’ असे वाचून वाचकाच्या मनात भलतेच काही येईल. ‘पूरबाधित’, ‘प्रकल्पबाधित’ यांच्या ओळीत ‘हवामानबाधित’ सहज बसतो.

प्रतिसाद (पुनर्वसनाच्या क्षेत्रातील कार्यकर्ती, चेंबूर)

बसतो खरा, पण एक भेद ठेवावा लागेल. मुंबईत नाल्याचे रुंदीकरण निघाले की काठावरची सगळी वस्ती बाधित होते, मात्र घर त्यालाच मिळते ज्याचे नाव पात्र यादीत असते. पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला माणूस वीजबिल आणि मतदार यादीतील नाव यांचा मेळ बसला नाही म्हणून अपात्र ठरल्याचे मी पाहिले आहे. त्याला कोणी सांगितले की तुम्ही बाधित नाही, तर तो चिडेल आणि ते योग्यच होईल. त्या चार स्विस महिलांविषयी ‘त्या बाधित नाहीत असे न्यायालयाने म्हटले’ असे टिपणात आले, तर तसाच अन्याय होईल. त्या बाधित आहेत. त्यांना दर्जा मिळाला नाही, इतकेच.

प्रतिसाद (वकील, फोर्ट)

ताईंचे म्हणणे मला पटते. वस्तुस्थितीसाठी ‘बाधित’ आणि कायद्यातील स्थानासाठी ‘बाधिताचा दर्जा’ असे दोन वेगळे प्रयोग करावेत.

या भेदाचा उपयोग भारतीय निकाल वाचतानाही होतो. माळढोक पक्ष्यांच्या संरक्षणासाठी वीजवाहिन्या जमिनीखालून न्याव्यात की नाही, या रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ यांतून निघतो असे म्हटले. तेथे दर्जाचा अडसर कोणापुढे आला नाही.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. ‘दर्जा’ची सूचना मी स्वीकारते. आता हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे प्रकरण उरले आहे. तेथे व्यक्ती नसून राष्ट्रे आहेत. मग ‘बाधित राष्ट्र’ म्हणावे का?

प्रतिसाद (वकील, फोर्ट)

तेथे ‘हानिग्रस्त राष्ट्र’ अधिक नेमके आहे, कारण ज्याच्याप्रती असलेले बंधन मोडले गेले आणि म्हणून ज्याला भरपाई मागता येते, असे राष्ट्र तेथे अभिप्रेत असते. वानुआतू या पॅसिफिक महासागरातील बेटराष्ट्राच्या पुढाकाराने, हवामानाच्या संरक्षणासाठी राष्ट्रांवर कोणती बंधने आहेत, असा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मार्च २०२३ मध्ये विचारला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने उत्तर दिले. हवामानाच्या संरक्षणाची बंधने सर्व राष्ट्रांप्रती असल्याने जबाबदारीचा प्रश्न हानिग्रस्त नसलेले राष्ट्रही उपस्थित करू शकते, पण स्वतःसाठी भरपाई मागू शकत नाही. स्ट्रासबर्गला व्यक्तीसाठी अरुंद असलेले दार हेगला राष्ट्रांसाठी असे रुंद आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

मात्र त्याला ‘निकाल’ म्हणू नये आणि ‘खटला’ तर अजिबात नाही. वादी नाही, प्रतिवादी नाही. महासभेने विचारलेल्या प्रश्नावरचे ते ‘सल्लागार मत’ आहे. ‘न्यायालयाने राष्ट्रांना आदेश दिला’ असे कोठे लिहिले असेल, तर तेवढे वाक्य बदलून ‘राष्ट्रांवर असे बंधन आहे, असे मत न्यायालयाने दिले’ असे करावे.