सल्ला हवा: घरातल्या १० मीटर एअर रायफल लेनच्या मागे काय लावावं?

नवखा_नेमबाज:
नमस्कार मंडळी. मुलगी वर्षभर १० मीटर एअर रायफल खेळतेय. क्लबात रोज जाणं जमत नाही, म्हणून घरातल्या लांबट खोलीत एकच लेन टाकायची ठरवलीय. खोली साडेबारा मीटर लांब, साडेतीन रुंद. टोकाची भिंत विटांची, वर प्लास्टर. रायफल मॅचची, छर्रे ४.५ मिमी, शिशाचे, चपट्या तोंडाचे. माझी एक जुनी स्प्रिंगवाली रायफल आहे, तीही कधीमधी बाहेर काढावी असा लोभ आहेच.
पत्र्याचा छोटा ट्रॅप, म्हणजे टार्गेटमागे छर्रे पकडणारी पेटी, हाताशी आहे, पण त्याच्या मागे काय? डोक्यात तीन गोष्टी आहेत: १८ मिमी प्लायवूड, जुन्या टायरचं रबर किंवा भिंतीवर सरळ थर्माकोल. कुणी करून पाहिलंय का? पैसे वाचले तर हवेच आहेत, पण पोरीच्या डोळ्यांशी खेळ नको.

दुर्बीण:
तिन्ही बाद.
थर्माकोलमधून छर्रा आरपार जाऊन भिंतीवर आपटेल. प्लास्टरचे टवके उडतील आणि खोलीभर पांढरे मणी होतील, ते वेगळंच. टायरचं रबर दिसायला मऊ, पण ते लवचिक असतं. छर्रा आत रुतला नाही तर रबर त्याला परत फेकतं. प्लायचं दुखणं असं की चपट्या तोंडाचा छर्रा कमी ताकदीत त्यात घुसतोच असं नाही. नाही घुसला की आल्या वाटेने माघारी. आणि घुसत राहिला तर रोज त्याच जागी बसून बसून हळूहळू भोक पडतं. तुमची मुलगी चांगली मारत असेल तर भोक लवकर पडेल.
मागच्या वस्तूचं काम छर्र्याला अडवायचं नाही, गिळायचं आहे.

कप्पी:
एवढं घाबरवू नका हो. मी सहा वर्षं प्लायवूडच वापरतोय. एकही छर्रा परत आला नाही.

दुर्बीण:
प्लायच्या पुढे काही आहे का?

कप्पी:
जुनं जाड ब्लँकेट लटकवलंय. भोकं दिसू नयेत म्हणून.

दुर्बीण:
मग सहा वर्षं काम ब्लँकेट करतंय आणि शाबासकी प्लायला मिळतेय!

सुताराचा_रंधा:
मी दोन पेट्या बनवल्यात, दोन्ही डक्ट सीलच्या. केबलच्या पाइपांची तोंडं बुजवायला इलेक्ट्रिशियन जी न वाळणारी राखाडी पुट्टी वापरतात, तीच. खिडकीच्या काचेची किंवा भिंतीची पुट्टी आणू नका. ती वाळून दगड होते.
पेटी ३० बाय ३० सेमी. पाठ १८ मिमी प्लायची, आतून ३ मिमी पोलादी पत्रा, त्यावर ५ सेमी पुट्टी. म्हणजे पुट्टी हरलीच तर पत्रा, पत्र्याला आधार प्लाय. पुट्टीचे लिंबाएवढे गोळे करून अंगठ्याने दाबत बसवायचे. मध्ये पोकळी राहू द्यायची नाही. गार असताना ती इतकी कडक असते की दुसऱ्या दिवशी अंगठा बोलतो. आधी तासभर उन्हात ठेवा.
छर्रा लागला की फक्त ‘थप्प’. शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.
एक पथ्य मात्र पाळायचं. नेम सारखा मधोमध बसतो, त्यामुळे तिथे शिशाची राखाडी टिकली तयार होते. पुढचा छर्रा मग पुट्टीवर न बसता आधीच्या छर्र्यावर बसतो. त्याचे तुकडे उडतात, कधी अख्खा परत येतो. टिकली दिसू लागली की जुन्या चमच्याने ते शिसं कोरून काढायचं आणि कडेची पुट्टी आत लोटायची. तो चमचा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

शिसपेन्सिल:
पेटीत वाळू भरली तर? आणि बीबी, म्हणजे स्टीलच्या बारीक गोल गोळ्या, चालतील का?

सुताराचा_रंधा:
वाळू छर्रा उत्तम थांबवते. पण पुढच्या पुठ्ठ्याला भोकं पडली की गळू लागते, धूळ उडते, आणि एखादा खडा असेल तर त्यावरून छर्रा कुठेही जातो. वजनही धरा. याच मापाची पेटी १५ सेमी खोल केली तर वीस किलोच्या वर जाते. रबराचा चुरा, म्हणजे बागेत पसरतात तसे सुटे तुकडे, पेटीत ठासून भरले तर चांगलं काम देतात. टायरच्या अखंड पट्टीत आणि सुट्या तुकड्यांत फरक आहे, तुकडे एकमेकांवर सरकून जोर खातात. घट्ट बांधलेल्या जुन्या मासिकांचा गठ्ठा तात्पुरता चालतो, मधोमध पोखरला की बदलायचा.
बीबीचं आजोबांना विचारा.

आजोबा_१०मी:
बीबी घरात नको. शिसं आपटलं की चपटं होतं, त्यातच त्याचा बराचसा जोर जिरतो. स्टीलची गोळी चपटी होत नाही, सगळा जोर घेऊन परत फिरते. ऐन तारुण्यात मी रबरी मॅटवर बीबी मारली होती. ती परत येऊन चष्म्याच्या डाव्या भिंगावर बसली. भिंगावरचा ओरखडा मी मुद्दाम जपून ठेवलाय, नव्या पोरांना दाखवायला. शिसं नसलेले मिश्रधातूचे छर्रेही शिशापेक्षा कडक असतात, त्यांच्या बाबतीत जास्त सावध राहा.
आता मूळ प्रश्न. इथे सगळे ट्रॅपवर बोलताहेत, पण ट्रॅप असतो नीट लागलेल्या छर्र्यासाठी. मागची भिंत चुकलेल्यासाठी. नळी १ अंशाने हलली तर १० मीटरवर छर्रा साडेसतरा सेमी बाजूला जातो. ३ अंशांत अर्ध्या मीटरच्या वर. तुमच्या ३० सेमीच्या पेटीत मधल्यापासून कडेपर्यंत १५ सेमीच आहेत, म्हणजे १ अंशातच पेटी हुकली. आणि हुकतं ते नेम धरताना नाही. रायफल खांद्याला लावताना, बोट ट्रिगरवर लवकर गेल्यावर हुकतं.
टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर असतो. त्याच्या मागे जमिनीपासून छतापर्यंत, आणि रुंदीला निदान दीड मीटर, जाड गालिचा लटकवा. दोन थर, मध्ये हातभर अंतर, खालची कड मोकळी. भिंतीला खिळे मारून ताणून बसवू नका. सैल गालिचा छर्र्याबरोबर मागे सरकतो, तिथेच त्याचा जीव जातो. गालिच्यामागे भिंतीला प्लाय लावा, तिथे प्लाय शोभतं.
पत्र्याचा ट्रॅप वापरणार असाल तर आतला पत्रा ४५ अंशांत हवा, वरची कड तुमच्याकडे झुकलेली, म्हणजे शिसं खाली पडतं. सरळ उभा पत्रा म्हणजे आरसाच.
आणि ती स्प्रिंगवाली. मॅच रायफलचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे साधारण ८ ज्यूल. तोच छर्रा २५० ने गेला तर सोळाच्या जवळ. वेग दीडपटही झाला नाही, जोर दुप्पट झाला. सगळी मांडणी घरातल्या सर्वांत ताकदवान बंदुकीच्या हिशेबाने करायची, नाहीतर ती बंदूक त्या खोलीत आणायची नाही.

निळी_शाई:
शिशाच्या धुळीबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. कडक पत्र्यावर छर्रा फुटतो तेव्हा बारीक भुकटी उडते. पुट्टीत ती बरीचशी अडकून राहते, माझ्या मते पुट्टी घेण्याचं हे आवाजापेक्षा मोठं कारण आहे. मुलांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं काही नसतं. खोलीत झाडू मारू नका, साधा व्हॅक्यूमही नको, तो बारीक धूळ मागून हवेत सोडतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. सराव संपला की साबण आणि गार पाण्याने हात. खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा नको. आणि हो, गालिचा धूळ धरतो, तो आपटून झटकू नका.

कप्पी:
मी माझं ब्लँकेट दर दिवाळीला आपटतो. आता गप्प बसतो.

नवखा_नेमबाज:
तीन आठवडे लागले, पण झालं. पुट्टीची पेटी, मागे दोन थर गालिचा, त्यामागे प्लाय. टोकाजवळ एक दार होतं, त्याला आतून कडी घातली. दिव्यापुढे फळी लावली.
चाचणीसाठी पेटीपुढे जमिनीवर पांढरे कागद अंथरले आणि मुलीला बाहेर ठेवून, चष्मा लावून, मीच पन्नास छर्रे मारले. मधले सगळे गिळले गेले. मग मुद्दाम पेटीच्या कडांवर मारले. चौथा छर्रा ‘टिंग’ करून कागदावर परत, माझ्या बाजूला दोन मीटर! बघतो तर पेटीच्या पुढच्या चौकटीत मी चार स्क्रू ठोकले होते, त्यातल्या एकाच्या डोक्यावर बरोबर बसला होता. स्क्रू काढून मागून लावले, चौकटीवर पुट्टीचा थर चढवला, पुन्हा पन्नास. कागद कोरे.
मुलीची तक्रार एवढीच की क्लबात ‘टण्ण’ ऐकायची सवय आहे, ‘थप्प’ ऐकून नेम चुकल्यासारखं वाटतं. स्प्रिंगवाली तूर्त कपाटात आहे.

सुताराचा_रंधा:
स्क्रूचं सांगायला विसरलो होतो. माझ्याही पहिल्या पेटीला पुढूनच होते.