गालाचा कर्करोग परतला आहे; जनुकीय चाचणी करावी का?

कोथरूडकर : माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या (वय ५४) गालाच्या कर्करोगासाठी दीड वर्षापूर्वी पुण्यात शस्त्रक्रिया व रेडिएशन झाले. आता हिरडीलगत पुन्हा गाठ आली असून ती काढता येणार नाही, असे डॉक्टर सांगतात. तीस वर्षे तंबाखू-चुना मळला. आता तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. महागडी जनुकीय चाचणी करून ‘टार्गेटेड’ (गाठीतील नेमक्या दोषावर चालणारे) औषध शोधावे, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. पैसा बेताचाच आहे. जाणकारांनी सल्ला द्यावा.

सदाशिवपेठी : मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते, उपचार अर्थातच तुमचे डॉक्टर ठरवतील. मात्र या चाचणीवर आधी खर्च करू नये, असे माझे मत आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात ठरावीक दोष सापडला की त्यावरची गोळी मिळते; तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात सर्वाधिक बिघडतो तो पेशींच्या वाढीला आवर घालणारा टीपी५३ हा जनुक, आणि त्यावर नेहमीच्या वापरातले औषध अद्याप नाही. एचआरएएस या दुसऱ्या जनुकातील दोषावर टिपिफार्निब हे औषध अभ्यासले गेले, पण तो दोष मोजक्याच रुग्णांत आढळतो. वाढीचा संदेश झेलणारे ईजीएफआर हे प्रथिन मात्र बहुतेक गाठींवर मुबलक असते, म्हणून ते रोखणाऱ्या सेटुक्सिमॅब या औषधासाठी जनुकीय चाचणी लागत नाही. जनुकीय चाचणीऐवजी, गाठीला प्रतिकारशक्तीपासून बचावायला मदत करणारे पीडी-एल१ हे प्रथिन तपासून त्याच्या प्रमाणाचा म्हणजे ‘सीपीएस’चा आकडा मागावा, तो १ किंवा अधिक असल्यास पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध एकटेही देता येते. त्यासाठी बायोप्सीचा मेणातला ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा लागतो. लोक रिपोर्टची झेरॉक्स घेऊन येतात आणि हेलपाटा पडतो.

सिंहगड रस्ता : पेम्ब्रोलिझुमॅब आम्हाला परवडणारे नव्हते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या १५१ रुग्णांच्या अभ्यासात (प्रसिद्धी २०२२) मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्यांना दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची (पेम्ब्रोलिझुमॅबच्याच जातीच्या औषधाची) जोड दिली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते, हे पाहता फरक लक्षात येईल. वडिलांना हेच उपचार दिले. एर्लोटिनिबने नाकागालांवर पुटकुळ्या उठल्या, त्या मलमाने आटोक्यात राहिल्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते; म्हणून आईने कालनिर्णयावर प्रत्येक रविवारभोवती लाल गोल काढले होते. निव्होलुमॅबची ४० मिलिग्रॅमची कुपी दोन रुग्णांत वाटून खर्च निम्मा करता येतो. तुमच्या रुग्णालयात अशी सोय आहे का, ते विचारून ठेवा.

कोथरूडकर : आभारी आहे. ब्लॉक उद्याच ताब्यात घेतो. कुपीचे सोमवारी विचारतो.