अकरा वर्षांपूर्वीच्या तैलचित्राला तडे गेले आहेत. त्यावरच पुन्हा रंगवावे का?

तलावकाठ (सोलापूर):
नमस्कार. मी हिशेबनिसाची नोकरी करतो आणि गेली अकरा वर्षे हौस म्हणून तैलरंगात चित्रे काढतो. रीतसर शिक्षण म्हणाल, तर शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षा, एवढेच. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे सगळे कॅनव्हास खाली काढले आणि काढले त्या क्रमाने भिंतीला टेकवून मांडले, तेव्हा दोन गोष्टींनी अस्वस्थ झालो.

पहिले मोठे चित्र १८ बाय २४ इंचांचे आहे: सिद्धेश्वर तलाव, पाण्याने वेढलेले मंदिर आणि एका बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी. त्यातले आकाश उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखे भेगाळले आहे; देऊळ आणि पाणी मात्र शाबूत आहे. दुसरी गोष्ट अधिक लागली. हात उघडच सुधारला आहे, कडा नेमक्या येतात, रंग मळत नाहीत, पण गेल्या तीन वर्षांतली चित्रे पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "ही सगळी एकाच दुपारी काढल्यासारखी दिसतात." त्यांचे म्हणणे खोडून काढता आले नाही.

तेव्हा विचारतो: तडे गेलेल्या चित्रावर पांढरा हात मारून तेच नव्याने रंगवावे का? आणि आपण पुढे गेलो की नुसते सरावलो, हे हौशी माणसाने कशावरून ओळखावे?

जवस:
दुसऱ्या प्रश्नात मी पडत नाही. पहिल्याचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. भेगांवर चढवलेल्या नव्या थरातूनही आज ना उद्या त्याच भेगा वर येतात.

आकाश तुम्ही नंतर बदलले होते का, हे आठवून पाहा. टर्पेंटाइन उडून जाते, पण जवसाचे तेल उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि ही क्रिया वरून हाताला कोरडे लागल्यानंतरही महिनोन्महिने आत चालू राहते. खाली तेलकट, जाड थर असेल आणि त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग दिला असेल, तर वरचा थर आधी आवळतो, खालचा अजून हलत असतो आणि मग वरचा फाटतो. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा चढत्या तेलाचा, हा क्रम सोडू नये. पहिला हात बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा द्यावा. त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर सुकतो. वॉर्निशची घाई करू नये, निदान सहा महिने जाऊ द्यावेत.

चित्रे माळ्यावर ठेवता, हेही बरे नाही. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. उजेडात ठेवल्यास तो पिवळेपणा बराच उतरतो.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: तेलाने माखलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, त्यात सोलापूरचा मे महिना म्हणजे विचारायलाच नको. पाण्यात भिजवून, पसरून वाळवावीत.

रिकामी चौकट (बार्शी):
वहिनींनी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर देऊन टाकले आहे. आपण अलीकडे मोबाइलवरच्या फोटोंवरून काम करता का? फोटोत कडक उन्हातल्या सावल्या काळ्या होऊन मिटतात आणि उजेड पांढरा फटक पडतो, त्यामुळे फोटोवरून केलेल्या प्रत्येक चित्रात तीच एक दुपार उतरते.

मी स्वतः सात-आठ वर्षे असेच केले. मग एकदा औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांच्या मूळ तैलचित्रांसमोर उभा राहिलो आणि छापील प्रतींत मला काळ्याभोर वाटलेल्या सावल्या तिथे उबदार तपकिरी निघाल्या. त्या दिवशी नवे तंत्र काही शिकलो नाही, पण घरी आल्यावर आईच्या साडीच्या निरीतली सावली मला पहिल्यांदा दिसली. प्रगती ओळखायची ती हातावरून नव्हे, तर पूर्वी न दिसणारे काय दिसू लागले यावरून, असे माझे मत आहे. पाच बाय सात इंचांचा बोर्ड घेऊन तलावावर जा आणि तासाभरात जेवढे होईल तेवढेच करा.

पंढरीचा पाहुणा:
सफाईला एवढी नावे ठेवू नयेत, असे मला वाटते. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. हाताचा वेग असल्या रोजच्या कामातूनही येतो. हात अडखळत असेल, तर दिसलेले कॅनव्हासवर येणार कसे? तलावावर अवश्य जा, पण ती तीन वर्षे वाया गेली असे समजू नका.

तलावकाठ (सोलापूर):
सर्वांचे आभार. जवस यांचा अंदाज बरोबर निघाला. आकाश मुळात संध्याकाळचे, तेल सढळ हाताने घालून रंगवलेले नारिंगी होते. एका नातलगांनी ते भडक म्हटले, म्हणून चार दिवसांत त्यावर पातळ निळा फिरवला होता. काल भिंग लावून पाहिले, तर प्रत्येक भेगेच्या तळाशी तो नारिंगी दिसतो. आता त्यावर पांढरा मारणे शक्य नाही.

आज सकाळी साडेसहाला छोटा बोर्ड घेऊन तलावावर गेलो होतो. पाणी निळे नव्हते. काठाजवळ ते शेवाळी होते, तटबंदीची छाया पडली होती तिथे गढूळ तपकिरी होते, आणि आकाशाचा रंग म्हणावा असा पट्टा मधोमध जेमतेम हातभर. अकरा वर्षांपूर्वी याच काठावर बसून मी ते सगळे निळे रंगवले, कारण पाणी निळे असते असे मला ठाऊक होते. पाऊण तासात नुसते पाणीच झाले आणि देऊळ राहिले. पंढरीचा पाहुणा यांचेही खरेच. हात सरावलेला नसता, तर ऊन चढायच्या आत तेवढेही झाले नसते.

जुने चित्र माळ्यावरून उतरवून बाहेरच्या खोलीत खिडकीसमोर टांगले आहे. माळ्यावरच्या अंधारात तेल पिवळे पडल्यामुळे त्यातल्या पाण्याचा निळा हिरवटला आहे आणि गंमत म्हणजे तो आता खऱ्या तलावाच्या बराच जवळ गेला आहे. उजेडात तो पुन्हा निळा होणार, याचे थोडे वाईटच वाटते.