मदत हवी आहे: वेबसाईटचं ॲप करायचंय

नमस्कार मंडळी, माझी वर्डप्रेसवर कवितांची साईट आहे, तिचं मोबाईल ॲप करायचंय. आधी वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) टाकून पाहिली, चालते, पण बॅक दाबलं की मागच्या पानाऐवजी ॲपच बंद होतं आणि नेट गेलं की नुसती एरर, वाचणाऱ्याला किती वैताग येईल. मग मॅनिफेस्ट (ॲपचं नाव, आयकॉन सांगणारी फाईल), सर्व्हिस वर्कर (नेट नसतानाही पानं दाखवू शकणारी स्क्रिप्ट) टाकून पीडब्ल्यूए, म्हणजे ॲपसारखी इन्स्टॉल होणारी साईट, केलं आणि ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटीने (ॲड्रेस बारशिवाय साईट दाखवणारं अँड्रॉइड ॲप करायची सोय) पॅक केलं तर प्ले स्टोअरवरून घेतल्यावर वर ॲड्रेस बार दिसतोच, असेटलिंक्सची फाईल (साईट आणि ॲप एकाच मालकाचे हे सांगणारी) साईटवर ठेवलीये तरी. त्यात फिंगरप्रिंट (ॲपवर सही करायच्या कीची ओळखखूण) माझ्या कीचा द्यायचा का प्ले कन्सोलमधल्या (प्ले स्टोअरवर ॲप टाकायची गूगलची साईट) साइनिंग कीचा? आणि आयफोनला नुसती गुंडाळलेली साईट चालत नाही म्हणे, ॲपलचा ४.२ नियम (ॲपमध्ये साईटपेक्षा जास्त काहीतरी हवं), मग ऑफलाइन वाचन आणि नोटिफिकेशन एवढं पुरेल का? कॅपॅसिटर (वेबसाईटचं मोबाईल ॲप करायचं टूल) वापरलेल्या कुणी अनुभव सांगा ना प्लीज.