सर्व्हरवर ७७७ मारून मोकळं व्हायचं का?

खानापूरवाला:
आमच्या पतसंस्थेचं पिग्मीचं ॲप नव्या उबंटू २२.०४ सर्व्हरवर हलवलं. संध्याकाळी एजंट दिवसाची वसुली चढवायला बसले, तर सगळ्यांना ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. बसवून देणाऱ्यानं फोनवर सांगितलं, "अख्ख्या होम फोल्डरला ७७७ मारा." म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं सगळ्या खात्यांना मोकळं. मारलं, तेही आतल्या सगळ्यासकट. ॲप चाललं, पण सकाळी आमचंच एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायचं) लॉगिन बंद! होम फोल्डरमध्ये कुणालाही लिहिता येत असेल तर एसएसएच तिथली लॉगिनची 'की' (किल्लीची फाईल) मानत नाही, आणि पासवर्ड लॉगिन आम्ही आधीच बंद केलेलं. शेवटी होस्टिंगच्या कन्सोलवरून रूटनं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यानं, शिरलो. ७७७ हा उपाय नव्हेच, असं माझं ठाम मत झालंय.

निपाणीकर:
मला नाही पटत. एजंट ताटकळलेत, चेअरमनचा फोन चाललाय, तेव्हा लॉग (सर्व्हरच्या नोंदी) कोण वाचत बसणार? आमच्याकडं सर्व्हर बघणारा एकच, प्रिंटरही तोच बघतो. आधी काम चालू करायचं, परमिशन रात्री परत लावायच्या.

टिळकवाडी:
परत काय लावणार ओ? कुठली फाईल ६४४ (सगळ्यांना वाचता येणारी) होती आणि कुठली ६०० (फक्त मालकाची), याची खूणच उरत नाही. डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाईलसुद्धा सर्व्हरवरच्या प्रत्येक खात्याला उघडी. लोकांचे पैसे आहेत ते! आणि लॉग वाचायला दोन मिनिटं लागतात. वाटेतल्या एखाद्या फोल्डरला सर्च परमिशन (आत शिरायची परवानगी) नाही, असं अपाचे हा वेब सर्व्हर स्वच्छ सांगतो. मग 'नेमआय -एल' (namei -l) ही कमांड लिहून पुढं फाईलचा पूर्ण पाथ द्या. एकेका फोल्डरचा मालक, ग्रुप, परमिशन ओळीनं दिसतात. उबंटूत २१.०४ पासून नवीन होम ७५० (परक्या खात्यांना बंद) असतं, आधी ७५५ (सगळ्यांना शिरून वाचता येणारं) असायचं. म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (अपाचे ज्या खात्यानं चालतं ते) उंबऱ्यावरच अडला. आतल्या फायली कितीही मोकळ्या करा, काय उपयोग?

निपाणीकर:
बरं, ७७७ सोडलं. पण मग नुसत्या होमला ७५५ करून टाका की. एका ओळीचं काम.

खानापूरवाला:
त्यानं होममधल्या फायलींची यादी सगळ्याच खात्यांना दिसते. मी 'सेटएफएसीएल' (setfacl) या एकाच खात्याला वेगळी परवानगी (एसीएल) देणाऱ्या कमांडनं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला होमवर फक्त एक्स, म्हणजे नुसतं आत शिरणं, दिलं. पावत्यांचं फोल्डर त्याच्या मालकीचं केलं, बाकी कोड त्याला नुसता वाचता येतो.

टिळकवाडी:
चांगलं केलंत, पण उद्या कुणी होमला ७०० मारलं तर एसीएलचा मास्क (अशा वेगळ्या परवानग्यांची कमाल मर्यादा) रिकामा होऊन पुन्हा ४०३. कोड होममध्ये नकोच, 'एसआरव्ही' (/srv) या होमबाहेरच्या फोल्डरखाली हलवा.

निपाणीकर:
ते रविवारी, काउंटर बंद असताना. चालू दिवशी मी ७५५च करणार.