सिगार डब्यात ठेवायचेत, ह्युमिडिटी ६५ ठेवू की ६९?

मंडळी, सिगारची माहिती असणारं कुणी असेल तर सांगा. (ओढू नका हा सल्ला घरात रोज मिळतो, इथं नको.)

दाजींनी दुबईहून पंचवीसची पेटी आणलीय. मी सणासुदीला एखादा ओढणारा, त्यामुळं पेटी दोन-तीन वर्षं तरी टिकवायचीय. लाकडी ह्युमिडॉर (सिगारची ओल राखणारी पेटी) घेतला नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली ओल टक्क्यांत मोजणारा) आहे. तो मिठावर तपासला: बाटलीच्या बुचात मीठ, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी, आणि दोन्ही झिपच्या पिशवीत रात्रभर. ७५ दाखवायला पाहिजे, ७२ दाखवतोय. म्हणजे तीन वाढवून वाचायचं.

आता डब्यात ठेवायची ओल राखणारी पाकिटं मागवायचीत, तर ६२, ६५, ६९, ७२ असे प्रकार दिसतात. सगळीकडं ७० टक्के आणि २१ अंश असं लिहिलेलं. आमच्या वसमतला २१ अंश म्हणजे थंडीतली सकाळ! मे महिन्यात पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत. श्रावणात त्याच घरात चपलांना बुरशी. शिवाय शेजारच्या खोलीत हळदीचे कट्टे. हळदीला भोकं पाडणारा तपकिरी किडा सिगारलाही लागतो म्हणे. खरं का? सरळ फ्रीजमध्येच ठेवू का?

प्रतिसाद:
६५ घ्या. लाकडी पेटीतून ओल झिरपते, म्हणून तिथं ६९ लागतं. घट्ट डब्यात ६५ चं पाकीट ६५ च राखतं. ते कमी पडलं तर ओल सोडतं, जास्त झाली तर ओढून घेतं. त्यामुळं श्रावणाची काळजी नको, डबा फक्त सारखा उघडू नका. ७२ तर आपल्या उकाड्यात नकोच, बुरशीला आवतण.

किड्याचं खरंय. लासिओडर्मा, तोच तंबाखूत, तोच हळदीत, धन्यातही. अंडी पानात आधीपासून असू शकतात, आणि २४-२५ च्या वर पारा गेला की धोका सुरू. ६५ ठेवून तो थांबत नाही, म्हणून आधी गोठवा: दोन झिप पिशव्यांत बंद करून एक दिवस फ्रीजमध्ये, मग चार दिवस फ्रीजरमध्ये उणे १८ ला, परत एक दिवस फ्रीजमध्ये, मग बाहेर. घाई केली तर वरचं पान तडकतं.

कायमचं फ्रीजमध्ये नको, तिथली हवा कोरडी आणि वर लसणाचा वास. घरातली सगळ्यात गार खोली बघा. जुनं माळवद असेल तर आतल्या खोलीतली खालची देवळी उत्तम. कूलरसमोर मात्र नको, आणि हळदीपासून लांब.

धागाकर्ता:
माळवद आहे गावाकडं, पण तिथं ठेवले तर काका एका दिवाळीत संपवतील. बेडरूमच्या कपाटात तळाला ठेवतो, रात्री एसी असतो. सिगारवरचा पारदर्शक कागद काढायचा का?

प्रतिसाद:
राहू द्या. ओल त्यातून हळूहळू जाते-येते. आणि किडा लागलाच तर भुसा त्या कागदातच साचलेला दिसतो, तेवढा सिगार लगेच बाजूला काढता येतो.